दादाचे पाय आणि तो जाड पट्टा

दादाची सुपारी फुटली त्या रविवारी मी घरी होते, पण माझं निम्मं लक्ष प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये अडकलेलं होतं. पाहुण्यांना पाणी देताना, पोळ्या वाढताना, आई हाक मारायची तेव्हा मी दुसऱ्या हाकेला भानावर यायचे. फोन ओट्यावर उलटा ठेवला होता आणि हात पुसता पुसता मी तो पुन्हा पुन्हा सुलटा करून बघत होते.

मी पीएचडी करते, छत्रपती संभाजीनगरला. आई अजून औरंगाबादच म्हणते. विषय कुणी विचारला की मी घरात 'पोटॅशियमवर काम करते' एवढंच सांगायचे. बाबांचं वडीगोद्रीला हायवेवर पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचं आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांनी एकदा नीटच विचारलं होतं, "पोटॅशियमवर म्हंजी नेमकं काय?" मी म्हटलं, आपल्या अंगातल्या पेशींना बारीक बारीक दारं असतात. त्यातलं एक दार असं, की त्यातून पोटॅशियम आत सहज येतं आणि बाहेर मात्र अवघड जातं.

"म्हंजी फुटबॉल," बाबा म्हणाले. आमच्याकडे विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाला बसवायच्या, पाणी आत घेणाऱ्या पण परत न सोडणाऱ्या फुटव्हॉल्व्हला सगळे फुटबॉलच म्हणतात.

"तसंच काहीतरी. फक्त हा थोडा गळतो. थोडं पोटॅशियम बाहेर जातंच."

"मंग बदलून टाक ना."

मी हसले, पण खरं तर सगळी गंमत त्या गळण्यातच आहे. तेवढं थोडं पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं म्हणूनच स्नायूची पेशी काम नसताना शांत बसते आणि हुकूम आला की लगेच उठते. बाबांना हे सांगेपर्यंत दुकानात गिऱ्हाईक आलं आणि विषय तिथंच राहिला.

हे दार, आमच्या भाषेत चॅनेल, डोळ्यांनी दिसत नाही. ते आहे की नाही, किती आहे, हे बघायला अँटीबॉडी लागते. ती सशाच्या रक्तातून काढलेली असते आणि बाकी सगळं सोडून त्या एकाच प्रोटीनला जाऊन चिकटते, असं ती विकणारे सांगतात. उंदराच्या स्नायूतली सगळी प्रोटीनं लहान-मोठी अशी एका पांढऱ्या पडद्यावर पसरवायची, वरून अँटीबॉडी सोडायची, आणि ती जिथं चिकटेल तिथं फोटोत काळा पट्टा उमटतो. माझ्याकडे दोन उमटायचे. वर एक जाड, ठसठशीत. खाली एक पुसट, असून नसल्यासारखा. वरचा आपल्या चॅनेलचा आणि खालचा म्हणजे तुटलेल्या प्रोटीनचा कचरा, असं मी आणि माझ्या गाइड मॅडम धरून चाललो होतो. त्या जाड पट्ट्यावर माझी इतकी वर्षं उभी होती. किती जाड झाला, किती बारीक झाला, उपाशी उंदरात काय, खाल्लेल्या उंदरात काय. त्यावर शोधनिबंध लिहिला, पाठवला. तो तपासणाऱ्याने एकच प्रश्न विचारून परत धाडला: अँटीबॉडी अडवून बघितलीत का?

अडवून बघणं म्हणजे असं. ज्या तुकड्यावरून ती अँटीबॉडी तयार झाली, तोच प्रोटीनचा तुकडा जिवाणूंकडून बनवून घेतलेला मिळतो. रिकॉम्बिनंट प्रोटीन म्हणतात त्याला. तो अँटीबॉडीत आधीच भरपूर मिसळून ठेवायचा. त्यानेच तिचे हात भरून गेले की पडद्यावरचं काही धरायला ती मोकळी राहत नाही. मग जो पट्टा नाहीसा होतो, तो आपला असू शकतो. जो तसाच राहतो, तो भलत्याच कशाचा.

तो तुकडा बाहेरदेशातून यायला दिवाळी उलटून गेली. एवढीशी कुपी आली, मोठ्या खोक्यात, सुक्या बर्फात पुरलेली. शनिवारी संध्याकाळी मी तो अँटीबॉडीत मिसळून फ्रिजमध्ये ठेवला आणि बस पकडली. रविवारी माझी प्रयोगशाळेतली मैत्रीण ते पडद्यावर घालणार होती, सोमवारी सकाळी मी पोचायचं आणि दोघींनी फोटो काढायचा. सुपारी ठरलेली होती, ती काही माझ्या पडद्यासाठी पुढे ढकलता येत नव्हती.

दादा माझ्याहून मोठा. अंकुशनगरला साखर कारखान्यात मिलवर फिटर. गळीत हंगाम सुरू झाला की तो घरी पाहुण्यासारखा येतो. त्या रविवारी तो जोडड्यूटी करून थेट आला, आंघोळ केली, नवा शर्ट घातला आणि मला म्हणाला, "लई गरम होऊन राह्यलं गं." थंडीचे दिवस होते. बाबा स्वेटर घालून बसले होते. दादाच्या कपाळावर घाम होता, शर्ट खांद्यावर लोंबत होता. मागच्या हंगामात तोच शर्ट मापाचा झाला असता. चहाची कपबशी त्याच्या हातात किणकिणत होती आणि पाहुण्यांमध्ये हशा पिकला.

"नवरदेव भेला की काय?"

तोही हसला. मुलगी धावड्याची, भोकरदन तालुक्यातली. जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायच्या कामाला. दोघं आधी भेटलेले होते, फोनवर बोलत होते, त्यामुळे सुपारी म्हणजे नुसता मोठ्यांचा कार्यक्रम होता. पुरणपोळ्या, आमटी, गुळवणी, वर तुपाची धार. सकाळपासून काही न खाल्लेला दादा पोळीवर पोळी घेत सुटला. जावयाची भूक बघून पाहुणे खूश झाले.

पाहुणे गेल्यावर मात्र त्याला एका जागी बसवेना. ओसरीत जायचा, रस्त्यावर जायचा, परत यायचा. हंगाम लागल्यापासून तो असाच होता. फोनवर बोलतानाही चालत असायचा, लवकर चिडायचा, झोप येत नाही म्हणायचा. आई म्हणाली, "पोराला लग्नाची घाई झाली." मीही तशीच ये-जा करत होते, माझ्या फ्रिजपायी. एका घरात दोघं येरझाऱ्या घालत होतो आणि एकमेकांना विचारत नव्हतो.

सोमवारी सकाळी मी बॅग भरून बससाठी निघाले होते. आतून दादाचा आवाज आला, "ए, इकडं ये गं जरा."

तो अंथरुणावर उताणा होता. "पाय हलून न्हाई राह्यले."

"चल, नाटकं करू नको. माझी बस जाईल."

"न्हाई गं. खरंच."

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी गोधडी बाजूला केली. पाय सरळ, जिवंत, गरम. "उचल," म्हटलं. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला, पण पाय तसूभर सरकले नाहीत. मी घोट्याला चिमटा काढला.

"आई गं! कळतंय की मला. चिमटा कळतोय. हलतच न्हाई."

हात उचलायला सांगितले तर कोपरापर्यंत आले आणि पडले. बोलणं मात्र स्वच्छ होतं. तोंड वाकडं नव्हतं. तेवढ्यात आई आली, तिने एकदाच बघितलं आणि दारातच खाली बसली. "लकवा! माझ्या लेकराला लकवा मारला!"

गावातल्या डॉक्टरांनी घरी येऊन बीपी बघितलं, पायांवर हातोडी मारून बघितली. पाय उडाला नाही. "लकव्यासारखंच दिसतंय," ते म्हणाले, "पण दोन्ही पाय एकदम, आन् बोलतोय असा... हे माझ्या हातातलं न्हाई. जल्दी जालन्याला न्या." बाबांनी शेजाऱ्याची गाडी आणली. चौघांनी दादाला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. अंग सगळं सैल. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो खिडकीतून उलटं आभाळ बघत होता.

अंबड जवळ आलं. मग आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "धावड्याला बिलकुल कळू द्यायचं न्हाई. कोणी विचारलं तर ताप आला म्हणायचं."

"ताप कितीक दिवस सांगशील?" दादा म्हणाला.

"तू गप पड."

माझ्या डोक्यात काहीतरी धडका देत होतं. दोन्ही पाय. स्पर्श कळतो. शुद्ध आहे. आदल्या दिवशी अंगमेहनत, मग उपाशीपोटी गोड आणि पिठाचं भरपूर जेवण, मग झोप. माझ्या प्रत्येक सादरीकरणाच्या पहिल्या पानावर एक वाक्य असायचं: स्नायूंमधल्या या चॅनेलच्या बिघाडाचा संबंध पोटॅशियम उतरून येणाऱ्या लकव्याशी जोडला जातो. ते मी कुठून तरी घेतलं होतं, कारण प्रत्येकजण ते घेतो. विषय महत्त्वाचा आहे असं दाखवायला एखादा आजार लागतो. ते वाक्य मी इतक्यांदा वाचून दाखवलं होतं आणि त्या आजाराचा माणूस कधी डोळ्यांपुढे आणलाच नव्हता. आता त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो विचारत होता, "तुझी बस गेली ना?"

दादाचं हेच असावं, कारण हा लकवा बरा होतो, असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्याच वेळी माझा स्वतःवर भरवसा नव्हता. माणूस ज्यात बुडालेला असतो तेच त्याला सगळीकडे दिसतं. मी डॉक्टर नाही. मी उंदरांच्या मांड्या कुटणारी बाई.

जालन्याच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्याच वयाचे होते. त्यांनी दादाच्या मनगटावर बोटं ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत. मग विचारलं, "काल काय जेवला होतात?"

आई चमकली. "जेवणाचा काय संबंध?"

"पुरणपोळी," दादा म्हणाला.

"किती?"

"मोजल्या न्हाईत."

"आधी कधी असं झालं होतं? थोडंसं तरी?"

दादाने आमच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. "हंगाम लागल्यापासून दोनतीनदा झाल्तं. सकाळी खाटंवरून उठताना मांड्या जड व्हायच्या. उकिडवं बसलं की उठता यायचं न्हाई. घंट्याभरात मोकळं व्हायचं. मला वाटलं ड्यूटीचा शीण आहे."

"अन् तू बोलला न्हाईस?" बाबा म्हणाले. दवाखान्यात आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

मी पुढे सरकले. "सर, पोटॅशियम..."

"रक्त पाठवलंय आधीच," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही मेडिकलला आहात?"

"नाही. उंदरांवर काम करते."

ते हसले नाहीत. मान हलवून त्यांनी दादाच्या छातीला तारा लावायला सांगितल्या.

रिपोर्ट आला तेव्हा पोटॅशियम पार तळाला गेलेलं होतं. मी कागद मागून घेऊन तो आकडा पुन्हा वाचला. भीतीने की सुटकेने, मला अजून सांगता येणार नाही. डॉक्टरांनी सलाइनमधून पोटॅशियम सुरू केलं, अगदी सावकाश. आई म्हणाली, "जरा जोरात सोडा की, लेकराला बरं वाटंल." तेव्हा त्यांनी तिला बाजूला बसवून सांगितलं, की आई, पोटॅशियम अंगातून कुठं गेलेलं नाही. रक्तातून उठून पेशींच्या आत जाऊन बसलंय. ते मागाहून परत बाहेर येणार. आपण वरून जास्त ओतलं तर दोन्ही मिळून रक्तात एकदम वाढेल आणि हृदयाला धोका होईल. म्हणून थेंब थेंब.

"आत जाऊन बसलंय," आईने माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं. मी मान डोलावली. इतक्या वर्षांत तिला माझ्या कामातलं एवढं कधी कळलं नव्हतं आणि ते सांगणारी मी नव्हते.

मला खोलीत बसवेना. थेंब पडतोय, पडद्यावर हृदयाची रेघ उठतेय, आणि पाय तसेच. मी बाहेरच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. फोन वाजला तेव्हा क्षणभर मला कळेना की कोणाचा असू शकतो. प्रयोगशाळेतली मैत्रीण. तिने फोटो पाठवला होता, खाली काही लिहिलं नव्हतं. तिचं काही न लिहिणं मी आधी वाचलं आणि मग फोटो उघडला.

डाव्या बाजूला नुसती अँटीबॉडी, उजव्या बाजूला प्रोटीनने अडवलेली. जाड पट्टा दोन्हीकडे होता. तेवढाच जाड, तेवढाच काळा. उजवीकडचा खालचा पुसट पट्टा तेवढा गेलेला, जागा कोरी.

मी फोटो मोठा केला, लहान केला, उजेडात धरला. मग तिला फोन लावला.

"उलट लावलंस का? डावं-उजवं?"

"नाही गं. मलाही तेच वाटलं. पुन्हा बघितलं. खुणा बरोबर आहेत."

"प्रोटीन कमी पडलं असेल."

"कमी पडलं असतं तर खालचा तरी कसा गेला असता?" ती हळू बोलत होती. "तू कुठे आहेस? मॅडम विचारत होत्या."

मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं मग हे आत्ता बघूच नको."

पण बघून झालं होतं. इतकी वर्षं ज्याला चॅनेल म्हणून मोजलं, ते दुसरंच कुठलं तरी प्रोटीन होतं. नाव नसलेलं. आणि ज्याला कचरा म्हणून सोडून दिलं, तो बहुतेक खरा होता. व्हरांड्याच्या टोकाला बाकावर एक बाई बाळाला पाजत बसली होती. तिने मला बसायला जागा केली. मी बसले आणि लगेच उठले. रडू आलं नाही. चीड आली, कोणावर ते कळेना. आत माझ्या भावाचे पाय पडलेले आणि मी एका पट्ट्यासाठी जळतेय, याची लाज वाटत होती. तरी जळणं काही थांबत नव्हतं.

"इकडं ये!" आईचा आवाज आला. मी पळतच आत गेले.

दादाच्या उजव्या पायाचं बोट हलत होतं. फक्त अंगठा. आई त्याच्याकडे असं बघत होती जसं काही ते बोलून दाखवणार आहे. मग दुसऱ्या पायाचा. दुपार कलेपर्यंत त्याने गुडघा दुमडला आणि उन्हं उतरायच्या आत तो खाटेचा दांडा धरून उभा राहिला, थरथरत, एका बाजूला बाबांचा खांदा. आईने त्याच्या तोंडावरून हात उतरवून बोटं कडाकडा मोडली. मी भिंतीला टेकले होते. सकाळपासून पहिल्यांदा मला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी थायरॉईडचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी आदल्या दिवशी बोटांच्या टोकांनी जे ओळखलं होतं ते कागदावर आलं. गळ्यातली ग्रंथी वेड्यासारखी काम करत होती. घाम, थरथर, धावती नाडी, उतरलेलं अंग, उडालेली झोप, ते सतत चालत राहणं, सगळं तिचंच. तिच्यामुळे पोटॅशियम पेशींत जास्त ओढलं जातं, वरून भरपूर गोड खाल्लं की आणखी ओढलं जातं, आणि बाहेर झिरपायची वाट बंद पडली की स्नायू हुकूम ऐकत नाहीत.

"थायरॉईड तं बायांला होतो ना?" आई म्हणाली.

"बायकांना जास्त होतो. पण त्याच्यातून येणारा हा लकवा पुरुषांनाच जास्त. गोळ्या घेतल्या, थायरॉईड ताळ्यावर आला, की हे बंद होतं. तोपर्यंत पंगतीत जपून."

मी मॅडमना फोन केला तो त्या दिवशी दुपारी. पट्ट्याचं त्यांना कळलं होतं. त्या म्हणाल्या, "निबंध मागे घेऊ या. दुसरा इलाज नाही." मी हो म्हटलं. त्यांनी दादाची चौकशी केली, आणि मी सगळं सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला. तो बदल मी ओळखते. नवीन काही सापडलं की तो येतो.

"थायरॉईडमधला लकवा? अगं, काहींमध्ये याच चॅनेलच्या भावंडात, म्हणजे तशाच दुसऱ्या चॅनेलच्या जनुकात, बदल सापडलेत. आपल्याला त्याचं सॅम्पल मिळेल का? परवानग्यांचं मी बघते."

मला वाटलं फोन भिंतीवर फेकावा. "मॅडम, तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच तर विचारतेय, सोपं..." आणि त्या थांबल्या. "सॉरी. आत्ता नको होतं विचारायला. खरंच सॉरी."

दादाने ऐकलं होतं. दार उघडंच होतं. "घे की," तो म्हणाला. "इतकं रक्त काढलं, अजून एक बाटली काय."

"न्हाई."

"तुझ्या पुस्तकात माझं नाव येईल ना?"

"नाव येत न्हाई. नंबर येतो."

"मंग राह्यलं," तो म्हणाला आणि उशीला टेकून हसला. ते तिथंच संपलं. मॅडमनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी मात्र ते पुढे पुष्कळ दिवस मनात उलटसुलट करत राहिले, कारण मॅडमनी विचारायच्या आधी, गाडीतच, अंबडच्या अलीकडे, माझ्या मनात तोच विचार एकदा येऊन गेला होता.

त्याच दुपारी धावड्याची ती मुलगी आली. कंपनीतून थेट, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. आई उभीच राहिली. "तुला कोणी सांगितलं, बाई?"

"यांनीच. सकाळी फोन केल्ता."

आईने दादाकडे असं बघितलं की मी मधे जाऊन उभी राहिले. दादा शांत होता. आल्यापासून पहिल्यांदा त्याचे हात पांघरुणावर स्थिर होते, थरथर थांबवायच्या गोळ्या लागू पडायला लागल्या होत्या. "मी लग्नानंतर सांगायचं का, आई?" तो म्हणाला. "एखाद्या सकाळी मी उठलोच न्हाई, तं ती काय करंल?"

ती खुर्चीवर बसली. तिने कुणाची समजूत काढली नाही की डोळे पुसले नाहीत. विचारत गेली. हे परत होईल का? होऊ शकतं, गोळ्या सोडल्या तर, आकडे ताळ्यावर यायच्या आधी. झालं तर काय करायचं? ताबडतोब दवाखाना, घरचे उपाय नाहीत. ड्यूटी? डॉक्टर म्हणतात सध्या मिलवर चढायचं नाही. पोराबाळांना होईल का? इथे दादाने माझ्याकडे बघितलं.

"मला माहीत न्हाई," मी म्हटलं. "थायरॉईड घराण्यात चालू शकतो. बाकीचं नक्की कोणालाच सांगता येत न्हाई."

कालच्या फोटोनंतर 'माहीत नाही' म्हणायला मला अडखळायला झालं नाही. एरवी मी तिला चॅनेलवर व्याख्यान दिलं असतं.

तिने डबा उघडला, दादापुढे ज्वारीची अर्धी भाकरी आणि मेथी ठेवली. "घरी सांगते मी," ती म्हणाली. "काय म्हणतील ते म्हणतील. पण तारीख आत्ता धरायची न्हाई. तुमचे रिपोर्ट बराबर येऊ द्या. मंग बघू." आईला ते 'मंग बघू' नकार वाटला. ती गेल्यावर आई भिंतीकडे तोंड करून बसली. मला ते काय होतं ते कळलं नाही, आणि दादालाही नाही. तो म्हणाला, "बघू म्हणली ना. मंग बघू."

पुढचे महिने तसेच गेले. धावड्याहून निरोप आला की सुपारी मोडलेली नाही, थांबलेली आहे. आई त्या दोन शब्दांत काय फरक हे गल्लीत सगळ्यांना समजावून थकली. कारखान्याने दादाला खाली स्टोअरमध्ये बसवलं, तिथं तो कंटाळून जायचा. ती मुलगी रविवारी येऊ लागली, कधी नाही आली. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. त्याने गोळ्या दोन दिवस चुकवल्या होत्या आणि तिने ते त्याच्या बोलण्याच्या वेगावरून फोनवरच ओळखलं. उन्हाळ्याच्या शेवटी आकडे ताळ्यावर आले. तिने रिपोर्ट स्वतःच्या हाताने घेतला, वाचला, आणि घरी फोन करून सांगितलं की आता तारीख काढा. लग्न झालं, पंगत साधीच ठेवली. पायांना तसा झटका त्याला पुन्हा आलेला नाही. आई अजून सकाळी त्याच्या पायांचा आवाज ऐकू येईपर्यंत चहा ठेवत नाही.

माझं तेवढं सरळ झालं नाही. निबंध मागे घेतला. मॅडम आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, मी त्यांच्याशी तेवढंही नाही. मग एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "खालच्या पट्ट्यापासून सुरू कर. पण आता त्याच्यावरही लगेच विश्वास ठेवू नको." बरोबरच होतं. अडवल्यावर पट्टा गेला, म्हणजे अँटीबॉडीने तो तुकडा ओळखला एवढंच कळलं. स्नायूतलं ते प्रोटीन आपलंच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी ज्या पेशींत हा चॅनेल मुळात नाही अशा पेशी वाढवायच्या, त्यातल्या निम्म्यांत त्याचं जनुक घालायचं, आणि पट्टा फक्त त्याच निम्म्यांत उमटतो का ते बघायचं. माझ्या बरोबरीचे लोक पदव्या घेऊन बाहेर पडले. मी पेशी वाढवायला शिकतेय.

काल त्या पेशींना बुरशी लागली. सकाळी डबी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर कडेला पांढरे धागे. सगळ्या फेकून दिल्या, पेशी वाढवायचं उबदार कपाट पुसून काढलं, नव्या लावल्या. त्या डबीभर पसरायला दिवस जातील आणि तोवर त्यांना सारखं उघडून बघायचं नसतं. मी तरी मघाशी कपाटाच्या काचेशी जाऊन आले.